कच्च्याचा दोर

त्या वर्षी विहिरी लवकर आटल्या. उन्हाळा अर्ध्यावर यायच्या आत एकूण एक विहिरीचा तळ दिसायला लागला आणि ज्याला त्याला विहीर खोल करायची घाई झाली. विहीर खोल करायची तर माणूस खाली सोडावा लागतो, आणि माणूस सोडायचा तर दोर लागतो. आमच्याकडे दोर वळणारं घर एकच. थोरला भाऊ दोर वळायचा, धाकटा चाक फिरवायचा. थोरल्याच्या दोरावर डोळे मिटून जीव टाकावा, असं लोक म्हणायचे. धाकट्याला सगळे कच्चा म्हणायचे.

नेमकं त्याच आठवड्यात थोरल्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि बासष्ट वर्षांचा तो धिप्पाड माणूस ओसरीवरच्या खाटेला खिळला. चहा पाजला की निम्मा हनुवटीवरून गळायचा. त्याची बायको मागेच गेलेली, मुलगा कुठे तरी लांब ट्रक चालवतो. त्यामुळे तोंड पुसायला धाकट्याची बायकोच. भावजींना लाज वाटू नये म्हणून ती दुसरीकडे बघत पुसायची.

विहीर खोदणाऱ्या टोळीचा मुकादम परगावचा होता. तो ओसरीच्या पायरीशी उभा राहिला आणि खाटेकडे बघून त्याचा चेहरा पडला.

"ऐंशी हात दोर हवा होता. तीनपदरी, चांगला जाड. पाच दिवसांत."

थोरल्याने डावा हात हलवला. "माझं... हे असं..." बाकीचे शब्द तोंडातच राहिले.

"मग इथे दुसरं कोण वळतं?"

कच्चा अंगणात वाख विंचरत बसला होता. घायपाताची पानं कुजवून, ठेचून जो पांढरा धागा निघतो तो वाख. त्याने मान होती त्याहून खाली घातली.

"मिळेल," घरातून त्याची बायको म्हणाली. "पाचव्या दिवशी विहिरीवर आणून देतो."

मुकादमाला तेवढंच हवं होतं. तो गेला. कच्चा उठून आत आला. त्याच्या हातात विंचरायची फणी तशीच होती.

"कोण वळणार आहे?"

"तुम्ही."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"चाक मी फिरवीन. तुम्ही वळा. त्यात काय एवढं? बेचाळीस वर्षं समोर बघताय ना?"

"बघतोय म्हणून तर सांगतोय," तो म्हणाला आणि फणी खुंटीला लावून मागल्या दाराने निघून गेला. दोन दिवस त्याने दोराचं नाव काढलं नाही.

कच्चा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते आम्ही ठेवलं. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि वळायला नुकताच शिकला होता. डावखुरा असल्याने बापाच्या शिव्या खात शिकला. एके दिवशी दोघा भावांनी मिळून दोन दोर वळले, एक थोरल्याने, एक त्याने. दुसऱ्या दिवशी गवंडी एका विहिरीचं आतलं बांधकाम करायला त्यातल्याच एका दोरावर खाली उतरला. दोर तुटला. गवंडी दगडांवर पडला आणि त्याचा मांडीचा सांधा गेला. तिसऱ्या दिवशी बापाने चार माणसांत सांगितलं, तो दोर धाकट्याचा होता.

पोराने नाही म्हटलं नाही. कारण त्याला आठवत होतं. दोर वळताना त्याला भूक लागली होती आणि शेवटचे चार हात त्याने उरकले होते. पदर कुठे बारीक आला का, हे मागे वळून बघितलं नव्हतं. बापाने उरलेला दोर त्याच्या डोळ्यांसमोर चुलीत घातला, आणि तो जळताना पोराला वाटलं, हेच ते चार हात.

मग नाव पडलं. सुरुवातीला ते दोराला होतं, कच्चा दोर. मग त्याला झालं. झाडाला झोका बांधला की मुलं त्याला म्हणायची, तू गाठीला हात लावू नकोस. तो लावायचा नाही. विशीत आला तेव्हा गाडीवर कडबा बांधायला बाकीचे दोघे वर चढायचे आणि ह्याला खाली उभं करायचे. तोही आपणहून खालीच उभा राहायला लागला. घराला कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत यायचा, कुलूप ओढून बघायचा, पुन्हा चार पावलं जाऊन परत यायचा. आम्ही मोजायचो. त्याला मुलगी झाली तेव्हा पाळणा टांगायला त्याने भावाला बोलावलं, आणि त्या पोरीला त्याने कधी खांद्याच्या वर उचललं नाही. बाकीचे बाप पोरांना वर उडवून झेलायचे, हा बघत बसायचा. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन गेली. बापाला भेटायला येते तेव्हा त्याच्या हाताला धरून चालते, जसं काही तोच पडणार आहे.

वळायचं काम त्याने त्या दिवसापासून सोडलं ते सोडलं. तो चाकावर बसला. थोरला कमरेला वाखाचा भारा बांधून, बोटांनी धागा सोडत उलट्या पावलांनी लांब लांब जायचा, आणि हा चाक फिरवत त्याला लांब जाताना बघायचा. एक गोष्ट मात्र गावाला माहीत नव्हती. पदर बारीक झाला की चाक हलकं लागतं, जाड झाला की ओढ लागते. हे कच्च्याच्या मनगटाला असं कळायचं की तो शंभर पावलांवरून ओरडायचा, "दादा, मागचं हातभर बघ." थोरला मागे बघायचा, तिथे पदर हटकून बारीक असायचा. तो तेवढा भाग उसवून पुन्हा वळायचा. थोरल्याच्या ज्या दोरांवर आम्ही माणसं सोडली, ते असे निघाले होते.

त्याची बायको लग्न होऊन आली तेव्हा तिला यातलं काही कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एकाने दारात येऊन विचारलं, "कच्चा आहे का घरात?" तिला नाव कळलं, मग कारण कळलं. तेव्हापासून तिचं उत्तर ठरलेलं. उंबऱ्यात उभी राहायची आणि म्हणायची, "त्या नावाचं इथे कोणी राहत नाही." माणूस हसायचा, पुन्हा विचारायचा. ती पुन्हा तेच. शेवटी त्याला "दोरवाले आहेत का?" म्हणावं लागायचं, मग ती बाजूला व्हायची. तीस वर्षं. आमच्यातले काही जण ते ऐकायला म्हणून मुद्दाम जायचे. मीही गेलो आहे दोनदा.

तिसऱ्या दिवशी सकाळी गवंड्याची बायको आली. गवंडी आता सत्तरी ओलांडलेला. खाटेवरून उठायला त्याने आढ्याला एक दोर टांगला होता, तो धरून उठायचा. तो वरून झिजला होता.

"थोरले दर वर्षी सरपण घेऊन येतात, तेव्हाच मी सांगणार होते," ती म्हणाली. "पण आता त्यांचंच हे असं. कोणी येऊन दोर बदलून देईल का? म्हाताऱ्याला उठता येत नाही."

"हे येतील," कच्च्याची बायको म्हणाली.

गवंड्याच्या घरात त्याने बेचाळीस वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. त्या गल्लीतूनही तो जायचा नाही, मागून शेतातून वळसा घालायचा. तो नको नको म्हणत राहिला. बायकोने शिडी काढून त्याच्या खांद्यावर ठेवली आणि थोरल्याने आधी वळलेला आठ हात दोर हातात दिला. "म्हाताऱ्या माणसाला अंथरुणात पाडून ठेवायचंय का तुमच्या लाजेपायी?" ती म्हणाली. तो निघाला.

गवंड्याची खोली छोटी होती. औषधी तेलाचा आणि बंद जागेचा वास. गवंडी भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने मान वळवून कोण आलंय ते बघितलं. कच्च्याने भिंतीला शिडी लावली, ती हलवून बघितली, पुन्हा हलवून बघितली आणि वर चढला. आढ्याची गाठ सोडली. दोर हातात आला. मग खाली येऊन खाटेवर बसण्याइतकं त्याचं धाडस नव्हतं, म्हणून शिडीवरच उभ्याउभ्या तो दोर गुंडाळायला लागला.

दोराचं टोक उसवू नये म्हणून त्यावर बारीक सुतळीचा घट्ट वेढा देतात आणि वरून डांबर लावतात. दोराचा पीळ चाकावर ठरतो, तो सगळ्यांचा सारखाच. कोणाच्या हातचा दोर ते ओळखायचं तर टोक बघावं लागतं. उजव्या हाताच्या माणसाचा वेढा एका अंगाने जातो, डावखुऱ्याचा उलट्या. बापाच्या अर्ध्या शिव्या ह्या उलट्या वेढ्यासाठीच होत्या.

त्याची बोटं टोकावरून फिरली आणि थांबली. त्याने टोक दाराच्या उजेडात धरलं. डांबर दगडासारखं झालं होतं, पण आतला वेढा शाबूत होता. सरळ. उजव्या हाताचा.

"हा दोर कुठला?" त्याने विचारलं.

गवंड्याने टोकाकडे बघितलं. "कुठला असणार? त्याच दिवसाचा. माझ्या कमरेला बांधलेला तुकडा. तुटल्या जागेचा भाग कापून टाकला, बाकी चांगला होता. वाया कशाला घालवायचा?"

"पण हे टोक माझं नाही."

"नाहीच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, गवंडी आहे मी. ओळंबा तुमच्याच बापाकडच्या दोरीने धरत आलो जन्मभर. मला टोक कळत नाही होय?" गवंड्याने उठायचा प्रयत्न केला, धरायला दोर नव्हता, तो पुन्हा पडला. "तुझा बाप आला होता तिसऱ्या दिवशी सकाळी. इथे, ह्याच खाटेशी बसून रडला. थोरल्याचं लग्न ठरलंय म्हणाला, मुलीकडचे माघार घेतील. धंदा थोरल्याच्या हातावर आहे, तोच बसला तर सगळं घर बसेल. धाकटा पोर आहे, पोराचं लोक विसरतात."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"माझा सांधा गेला होता. ह्याचं नाव घेतलं काय आणि त्याचं घेतलं काय, मला काय मिळणार होतं? तुझ्या बापाने दर वर्षी सरपण द्यायचं कबूल केलं. म्हटलं बरं." त्याने दुखरी मांडी हाताने सरकवली. "मलाही वाटलं होतं, विसरतील. वर्ष-दोन वर्षांत विसरलेही असते. तूच विसरू देईनास. रस्त्यात मला बघितलंस की भिंतीला चिकटून जायचास. लोक म्हणायचे, बघा, मन खातंय त्याला."

कच्च्याने नवा दोर आढ्याला बांधला. गाठ तीनदा ओढून बघितली. मग खाली उतरून गवंड्याच्या हातात दोराचं टोक दिलं. गवंडी ते धरून उठून बसला, धापा टाकत. दोघे इतके जवळ आले होते की एकमेकांचा श्वास लागावा. जुना दोर काखेत मारून तो निघाला, आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या गल्लीतून भर दिवसा मधोमध चालत घरी आला. आम्ही बघितलं. आम्हाला वाटलं, गवंडी गेला की काय.

घरी आल्यावर त्याने तो दोर थोरल्याच्या पोटावर ठेवला. थोरल्याने डाव्या हाताने टोक चाचपलं आणि डोळे मिटून घेतले.

"काय आहे?" बायकोने विचारलं. त्याने चार वाक्यांत सांगितलं. ती दाराची चौकट धरून ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती खाटेशी गेली.

"भावजी, खरं आहे हे?"

थोरल्याने मान हलवली. वाकड्या तोंडाने तो बोलायला लागला, एकेक शब्द ओढून काढत. "बाबांनी... मला विचारलं नाही. सांगितलं. दोन वर्षं मला झोप नव्हती. मग... लागायला लागली."

"आणि मग?"

"लोक माझ्या दोरावर माणसं सोडायचे. मला वाटायला लागलं... मी तसाच आहे. शेवटी शेवटी मला खरंच वाटायचं, दोर ह्याचाच होता." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्याला पुसता येईना. "सरपण द्यायला गेलो की तो टांगलेला दिसायचा. दर वर्षी. मी दुसरीकडे बघायचो."

तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. या वेळी मान वळवली नाही, सरळ त्याच्या डोळ्यांत बघून पुसलं. "माझ्या पोरीचा पाळणा तुम्ही बांधलात," ती म्हणाली. "हे खाली उभे राहून बघत होते. तेव्हा तरी सांगायचं होतंत."

कच्चा अंगणात जाऊन उभा राहिला. राग यायला हवा होता, तो येत नव्हता. बेचाळीस वर्षं जे ओझं पाठीवर होतं ते उतरलं तर पाठ सरळ व्हायला हवी, पण तिला सरळ कसं व्हायचं ते ठाऊकच नव्हतं. बायको मागून आली. तिला मात्र भरपूर राग आला होता, दोघांना पुरेल इतका.

"दोन दिवस उरलेत," ती म्हणाली. "भारा बांधा कमरेला."

त्याने बांधला.

घरामागे झाडांच्या सावलीत लांब मोकळी पट्टी आहे, तिथे दोर वळतात. बायको चाकावर बसली. तिला चाक जमत नव्हतं, कधी पळवायची, कधी थांबायची. तो ओरडायचा, "हळू! पाण्याच्या धारेसारखं, एकसारखं." उलट्या पावलांनी चालायची सवय मोडलेली, टाचेला दगड लागले, एकदा पाठीवर पडला. पण बोटं विसरली नव्हती. वाखाची धार डाव्या हाताच्या बोटांतून सुटत गेली आणि पीळ खात गेली. पहिला पदर दुपारपर्यंत झाला. त्याने तो खुंट्यांवर ताणून सगळा हाताखालून घातला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग उलटा. मग बायकोला घालायला सांगितला.

"लोण्यासारखा आहे," ती म्हणाली.

"नीट बघ."

"बघितलं. अहो, लोण्यासारखा आहे."

थोरल्याने आपली खाट ओढायला लावून मागल्या दाराशी आणवली होती. तो पडल्यापडल्या बघायचा. दुसऱ्या दिवशी तिन्ही पदर एकत्र वळताना तो घशातून आवाज काढायचा, "ताण... ताण..." आणि कच्चा ताण वाढवायचा. संध्याकाळच्या आत ऐंशी हात दोर तयार झाला. सरळ, गोल, कुठे गाठ नाही की पोकळ जागा नाही. त्याची बोटं चिरून रक्त आलं होतं आणि दोरावर दोन ठिकाणी तांबडे डाग पडले होते. झाडाच्या जाड फांदीवरून दोर टाकून त्यांनी त्याला दळायच्या जात्याचे दोन्ही दगड बांधले आणि लोंबकळत ठेवले. वर तो स्वतः लोंबकळला, वर बायकोही चढली. छप्पन्न वर्षांचा माणूस आणि पन्नाशीची बाई झाडाला लोंबकळताना बघून खाटेवरचा थोरला हसला, तो हसला म्हणून ती हसली, आणि ती हसल्यावर कच्चाही हसला. तेवढी एक संध्याकाळ त्या घरात बरी गेली.

टोक बांधायच्या वेळी थोरला म्हणाला, "उजव्याने... बांध. माझ्यासारखं. कोणी विचारणार नाही."

कच्च्याच्या हातातली सुतळी थांबली. त्याने बायकोकडे बघितलं.

"उजव्या हाताने बांधलंत तर मी हा दोर चुलीत घालीन," ती म्हणाली.

त्याने डाव्या हाताने बांधलं. उलटा वेढा. वर डांबर लावलं.

पाचव्या दिवशी सकाळी दोघं विहिरीवर गेली. आम्ही दहा-पंधरा जण तिथे होतोच, विहीर खोल होते म्हटल्यावर बघायला जमायचंच. दोराचं वेटोळं बायकोच्या डोक्यावर होतं. ते तिने मुकादमासमोर ठेवलं.

"कोणी वळला?" मुकादमाने विचारलं.

"ह्यांनी."

आमच्यातल्या एकाला राहवलं नाही. "मुकादम, आधी कच्च्यालाच खाली सोडा. तो वर आला तर तुमची माणसं सोडा." आम्ही हसलो. मी हसलो. कच्च्याच्या बायकोने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मुकादम परगावचा होता, त्याला हसायचं कारण माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटली नाही. त्याने दोर पसरला, हातातून घातला, पायाखाली धरून पीळ उकलून बघितला. दोन गड्यांना एका टोकाला लावून स्वतः दुसऱ्या टोकाला ओढला.

"असा दोर मी बऱ्याच वर्षांत धरला नाही," तो म्हणाला. "तुम्ही आजवर कुठे होतात?"

आमचं हसणं तिथल्या तिथे थांबलं. कच्च्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चौदा वर्षांच्या पोराचा असावा तसा. बायकोने डोळ्यांना पदर लावला.

दोर विहिरीवरच्या लाकडी चाकावरून घेतला. एक जवान गडी पुढे आला. त्याने दोर कमरेला आणि मांड्यांना बांधला, हातावर थुंकला, काठावर बसून दोन्ही पाय आत सोडले. चौघांनी मागे दोर धरला. गड्याने काठावरचा हात सोडला. दोर ताणला, चाक कुरकुरलं, आणि ताण आल्यावर नवा दोर करकरतो तसा करकरला.

"थांबा!"

आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. कच्चा हात वर करून उभा होता.

"थांबा. वर घ्या त्याला. वर घ्या!"

चौघांनी दचकून मागे ओढलं. गड्याने काठ पकडला, वर आला, पांढराफटक पडला होता.

"काय झालं? दोर कुठे गेलाय?" मुकादम धावत आला.

कच्चा दोरावर वाकला होता. हातभर, अजून हातभर, अजून. शेवटच्या चार हातांपाशी तो थांबला, परत मागे गेला, परत आला.

"काय आहे? कुठे आहे?"

"काही नाही."

"मग थांबवलंत कशाला?"

"एकदा बघायचं होतं."

"काल बघितलं नव्हतं?"

"बघितलं होतं."

"मग?"

त्याने पुन्हा शेवटचे चार हात बोटांखालून घातले. बायको पुढे झाली. "मुकादम, दोर पक्का आहे. आम्ही दोघं लोंबकळलो त्याला, जात्याचे दगड बांधून. मी उतरते हवं तर, मला बांधा."

मुकादमाने गड्याकडे बघितलं. गडी कमरेची गाठ सोडत होता. "मी नाही उतरणार ह्यावर," तो म्हणाला.

"बाई, दोर चांगला आहे, मला दिसतंय," मुकादम म्हणाला. आवाज वाईट नव्हता त्याचा. "पण ज्याने वळला त्यालाच भरवसा नसेल तर मी माझा माणूस कसा सोडू? घरात थोरल्यांच्या हातचा एखादा जुना दोर असेल तर तो द्या. झिजलेला असला तरी चालेल."

आमच्यापैकी कोणी तरी म्हणालं, "कच्चा तो कच्चाच." आता कोणी हसलं नाही. हसायची गरजच उरली नव्हती.

तिने एकटीनेच दोर गोळा केला, वेटोळं डोक्यावर घेतलं. तो मागून चालत होता. घरी येऊन तिने थोरल्याचा जुना दोर काढला, झिजलेला, मधे दोन ठिकाणी केस निघालेले, आणि मुकादमाच्या माणसाच्या हवाली केला. दुपारपर्यंत त्यावरून चार माणसं उतरली आणि चार वर आली.

"काय झालं?" खाटेवरून थोरल्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "दोर पक्का होता."

तिने नवा दोर घरामागे नेऊन टाकला आणि त्याच्यासमोर कोयता ठेवला. गुरांना बांधायला दावी कायम लागतात, चार-चार हातांचे तुकडे केले की विकली जातात. तो बसला आणि कापायला लागला. वीस तुकडे. प्रत्येकाची दोन्ही टोकं बांधायची. तो बांधत होता, डाव्या हाताने, उलटा वेढा. गुरांच्या दाव्याचं टोक कोण बघतं!

ऊन कलायला लागलं तेव्हा मी त्यांच्या दारात गेलो. माझ्या गाईचं दावं तुटलं होतं, खरंच तुटलं होतं. ती उंबऱ्यात बसून धान्य निवडत होती. सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं.

"कच्चा आहे का घरात?"

बोलून गेल्यावर मी तिच्या उत्तराची वाट बघत उभा राहिलो. तिने मान वर केली नाही. सुपातले दोन खडे वेचून बाहेर टाकले.

"आहेत," ती म्हणाली. "मागे दावी कापतायत."